जोड तासिका द्या, तयार साहित्यपेट्या नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीस पटाच्या आतल्या, म्हणजे वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळांबद्दल जे छापून येतं ते बहुतेक त्या चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात, याबद्दल असतं. त्या शाळांत कला आणि कार्यानुभवाच्या तासाला काय होतं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. आम्ही द्विशिक्षकी शाळांत हेच विषय शिकवतो, म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे. काटछाट करावीच लागली तर आमच्या मागण्या कापा, पण मातीचा आणि कामट्यांचा (बांबूच्या बारीक पट्ट्यांचा) भाग तेवढा ठेवा. तो कुठल्या तरी शाळेत शनिवारी कामी येईल.

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. लहान शाळेत हे विषय मोठ्या शाळेपेक्षा चांगले होऊ शकतात, कारण मुलं कमी आणि पहिली ते सातवी एकाच ओसरीवर. अडतं ते वेळेच्या तुकड्यांपाशी आणि वरून येणाऱ्या तयार साहित्यापाशी. कलाशिक्षक नाही ही अडचण खरी आहे, पण तिचा नंबर तिसरा.

आधी वेळेचं. पस्तीस मिनिटांची तासिका मातीकामाला निरुपयोगी आहे. गोणपाट अंथरणं, माती वाटणं यात आठ-दहा मिनिटं जातात. हात धुणं, फरशी पुसणं, उरलेला गोळा ओल्या फडक्यात बांधणं यात आणखी दहा. उरलेल्या पंधरा मिनिटांत मूल माती मळून नुकतं कुठे आकाराकडे वळतं आणि घंटा होते. पुढची तासिका चार दिवसांनी, तोवर काम वाळून दगड झालेलं असतं. मग शिक्षक सोपा मार्ग धरतात: छापील चित्रात रंग भरा. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. तासिकेच्या मापात तेवढंच बसतं. पण रेषेच्या आत रंग भरून हात बसतो म्हणावं, तर तेही खरं नाही. पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना वस्तुचित्रात मडक्याच्या तोंडाची लंबगोल कड काढताना घाम फुटतो, कारण तोवर त्यांनी वस्तू समोर ठेवून कधी काही काढलेलंच नसतं.

उपाय साधा आहे. कला आणि कार्यानुभवाच्या आठवड्याच्या तासिका एकत्र करून शनिवारच्या सकाळच्या शाळेत सलग अडीच तास द्यायचे, सगळ्या वर्गांना मिळून. राज्यात २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ आहे, सहावी ते आठवीसाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली मुलांना काम करू द्या असंही त्यात आहे. म्हणजे कागदावर वाट मोकळी आहे. प्रत्यक्षात शनिवार माहिती भरण्यात, ऑनलाइन बैठकीत आणि कुठल्या तरी दिनाच्या फेरीत जातो. ते अडीच तास राखून ठेवा, एवढी पहिली मागणी.

आता साहित्य. दरवर्षी कुठून ना कुठून पेटी येते: तयार कापलेले फोमचे तुकडे, चकचकीत कागद, चिकटवायचे डोळे. त्यातून वीस मुलांच्या वीस सारख्या वस्तू होतात आणि त्यात चुकायला जागाच नसते. चुकायला जागा नसली की शिकायलाही उरत नाही. थर्माकोलचे तयार ‘प्रकल्प’ तर त्याहून वाईट. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ‘प्रकल्प’ म्हटलं की पालक आधी तोच शोधतात. शाळेला हवा असतो कच्चा माल आणि चांगली हत्यारं.

मातीपासून सुरू करतो. वीस मुलांना दहा किलो शाडू पुरते, दर मुलामागे अर्धा किलो. शाडू बहुतेक गुजरातेतून भावनगरकडून येते आणि गणपतीच्या आधी महिनाभर सहज मिळते, म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवावी. दहा किलो कोरड्या भुकटीला साधारण तीन लिटर पाणी लागतं, पण ते एकदम ओतायचं नाही. आदल्या दिवशी थोडं थोडं पाणी घालून कालवायची, ओल्या गोणपाटाखाली रात्रभर मुरू द्यायची आणि सकाळी मोठ्या मुलांकडून दहा मिनिटं तरी मळून घ्यायची. मळताना आतली हवा निघते आणि ओल सगळीकडे सारखी होते. तयार झाली की नाही हे बघायला करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. वळीला भेगा पडल्या तर पाणी कमी आहे. हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालंय. गोळा कोऱ्या विटेवर किंवा कौलावर पाच-दहा मिनिटं थापून ठेवला की वीट पाणी ओढून घेते.

शाडू नसेल तर गावची माती चालते, पण काळी माती नुसती वापरू नये. ती वाळताना फार आकसते, वस्तू तडकते. चाळलेली बारीक वाळू तीन-चार भागांत एक भाग मिसळली की आकसणं कमी होतं. गावात कुंभार असेल तर प्रश्नच मिटला, त्याची भिजवलेली माती सगळ्यात उत्तम.

मुलांची कामं तीन ठिकाणी मोडतात. पहिलं म्हणजे जोड. हत्तीची सोंड नुसती दाबून चिकटवली की दुसऱ्या दिवशी गळून पडते. दोन्ही पृष्ठभागांवर काडीने आडव्याउभ्या चरा पाडायच्या, मधे त्याच मातीचं दाट राड लावायचं, मग दाबून जोड बोटाने सारवून टाकायचा. दोन्ही तुकडे सारख्या ओलीचे हवेत. धड सकाळचं आणि सोंड आत्ताची असेल तर सोंड जास्त आकसते आणि सुटते. दुसरं, जाडी. तीन सेंटिमीटरपेक्षा जाड भाग असला की वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओला तसाच राहतो आणि वर भेग पडते. पोट मोठं असेल तर वस्तू थोडी आवळली की खालून चमच्याने कोरून पोकळ करायची. तिसरं म्हणजे ऊन. लवकर वाळावं म्हणून वस्तू उन्हात किंवा पंख्याखाली ठेवतात, एक बाजू आधी वाळते आणि वस्तू वाकडी होते. पहिले दोन दिवस सावलीत, वर फडकं टाकून, मग उघडी.

पणत्या करायच्या असतील तर कुंभाराची माती घ्यावी आणि दिवाळीच्या तीन आठवडे आधी सुरुवात करावी. आठ-दहा दिवस वाळल्यावर पणती गालाला लावून बघायची. गार लागली तर आत ओल आहे, ती भट्टीत घालायची नाही. आतल्या पाण्याची वाफ झाली की पणती फुटते आणि शेजारच्या चार घेऊन जाते. खाली गोवऱ्यांचा थर, त्यावर पणत्या, वर पुन्हा गोवऱ्या आणि पेंढा. मुलांना पाच मीटर लांब उभं करायचं, आणि राख पूर्ण निवेपर्यंत कुणी हात घालायचा नाही. घाईने बाहेर काढलेली गरम पणती गार वाऱ्यानेही तडकते.

उरलेल्या मातीची नेहमी एक चूक होते. अर्धवट ओले तुकडे बादलीत टाकून वर पाणी ओततात आणि आठवडाभर ती ढेकळं तशीच राहतात. तुकडे आधी कडक वाळू द्यावेत, फोडून बारीक करावेत आणि मग पाण्यात टाकावेत. पूर्ण वाळलेली माती पाण्यात आपोआप विरघळते, अर्धी ओली नाही. त्यामुळे दहा किलो माती दोन वर्षं सहज चालते.

दुसरं काम आकाशकंदिलाचं. एकाच कामात मोजणं, कापणं, बांधणं, चिकटवणं सगळं येतं आणि पहिलीपासून सातवीपर्यंत प्रत्येकाला काहीतरी असतं, असं आमच्या माहितीत दुसरं काम नाही. म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सहा चौकोन करायचे आणि एकाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याला बांधत जायचं. मधे आपोआप आठ त्रिकोण उरतात. कामट्या २४, कोपरे १२. २० सेंटिमीटरची कामटी धरली तर एका कंदिलाला पावणेपाच-पाच मीटर पट्टी लागते. चार मुलांत एक असे वीस मुलांचे पाच कंदील, म्हणजे १२० कामट्या. मोडतोड धरून १४० कापाव्यात. बुरुडाकडून ४-५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या तासून आणाव्यात. बांबू फोडणं आणि कोयत्याने तासणं मुलांना द्यायचं नाही, त्याला वर्षांचा सराव लागतो. पट्टीच्या कडा हात कापण्याइतक्या धारदार असतात, त्या आधी पॉलिश पेपरने मारून घ्यायच्या. हे काम तिसरी-चौथीची मुलं आवडीने करतात.

इथली सगळ्यात मोठी गडबड कापण्यात होते. प्रत्येक मूल पट्टीने मोजून कापतं आणि कामट्या १९.७ पासून २०.४ पर्यंत निघतात. चौकोनात तो फरक दिसत नाही, शेवटचे दोन कोपरे जुळवताना दिसतो. सगळा सांगाडा पिळतो आणि मूल ओढून बांधतं. त्यापेक्षा एक फळी घ्यावी, एका टोकाला अडणी म्हणून लाकडाचा तुकडा ठोकावा, बरोबर २० सेंटिमीटरवर करवतीची खाच पाडावी. कामटी अडणीला टेकवायची आणि खाचेत हॅकसॉ चालवायची. मग १४० कामट्या सारख्या निघतात आणि मोजायला फक्त पहिली लागते. सुतार हेच करतात.

चौकोन बांधल्यावर तो चौरस आहे का हे कोपऱ्याकडे बघून ठरवू नये. दोन्ही कर्ण मोजावेत. २० च्या चौरसाचा कर्ण २८.३ च्या आसपास येतो, पण आकडा नाही सांगितला तरी चालेल. दोन्ही सारखे हवेत एवढं पुरे. सारखे झाले की दोन्ही कर्णांवर दोरा ताणून बांधायचा. हा दोरा बरेच जण गाळतात. मग सहा चौकोन जोडल्यावर सांगाडा हातात घेतला की पिळून मिटतो, आणि मुलांना वाटतं गाठ सैल झाली. गाठ ठीक असते. नुसत्या चार काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतोच, त्रिकोण मात्र तिरका होत नाही. पूल आणि छपराच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, हे सातवीच्या मुलाला इथेच हातात कळतं. सर्वांत वरच्या चौकोनात दिवा आत घालायचा असतो, म्हणून तिथला दोरा दिव्याचा होल्डर लटकवताना सोडून बाजूला बांधावा.

खळ शाळेतच करावी: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. उकळत्या पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या होतात आणि त्या पतंगी कागदाखाली दाण्यांसारख्या दिसतात. बाइंडिंगवाले किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, शाळेत नको. दोन दिवसांत वास यायला लागतो, तेव्हा लागेल तेवढीच करावी. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. कागदाला लावली की तो भिजून हातातच फाटतो. कागद चौकोनाच्या प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर जास्त, म्हणजे २२ चा कापायचा. आधी आठ त्रिकोण, मग बाजूचे चार चौकोन, वरचा आणि खालचा उघडा. कागद फार ताणून लावू नये, वाळताना तो स्वतःच आवळतो आणि जास्त ताणलेला असला तर मधोमध चिरतो. थोड्या सुरकुत्या राहिल्या तर राहू द्याव्यात, सकाळपर्यंत जातात. खाली अडीच सेंटिमीटर रुंदीच्या झिरमिळ्या, आणि आत पाच-सात वॉटचा एलईडी दिवा. मेणबत्ती नाही, कुणी परंपरा म्हटलं तरी नाही.

पहिली-दुसरीची मुलं कामट्यांचे सारख्या लांबीचे गठ्ठे लावतात आणि झिरमिळ्या कापतात. तिसरी-चौथीला घासणं, कागद मोजून कापणं आणि खळ लावणं. पाचवीपासून पुढे करवत आणि गाठी. सगळ्यांना एकच काम देऊन लहानांचं शिक्षकांनी पुरं करायचं, हे बहुवर्ग शाळेत कधीच जमत नाही.

शिवणाचं काम मुलगे आणि मुली दोघांना द्यावं. ९० सेंटिमीटर पन्ह्याचा एक मीटर मांजरपाट घेतला की २० बाय २० चे वीस तुकडे निघतात आणि १० सेंटिमीटरची पट्टी बटणांच्या सरावाला उरते. कापड आधी धुवून घ्यावं. कोऱ्या कापडातल्या खळीने सुई अडते आणि मुलं ती जोराने ढकलून बोट टोचून घेतात. दोरा ४०-४५ सेंटिमीटर, जास्त नाही. मुलं पुन्हा पुन्हा ओवायला नको म्हणून खूप लांब दोरा घेतात आणि अर्धा वेळ गुंता सोडवण्यात घालवतात. दोऱ्याला पीळ बसला की सुई खाली लोंबती सोडायची, पीळ आपोआप उतरतो. सुईचा नंबर जितका लहान तितकी सुई जाड. लहान मुलांना मोठ्या नाकाची जाड सुई द्यावी. क्रम असा: पेन्सिलच्या रेघेवर धावदोरा, मग उलट टीप, मग हेम, शेवटी बटण. बटण लावताना त्याच्याखाली आगकाडी ठेवायची. टाके झाले की काडी काढून घ्यायची आणि सुटलेल्या जागेत दोऱ्याचे चार वेढे द्यायचे. काडी नसेल तर बटण कापडाला घट्ट बसतं आणि काजात शिरत नाही. सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. एक कमी भरली तर जुन्या स्पीकरचं चुंबक फरशीवरून फिरवायचं, बाकी काम नंतर.

कात्रीबद्दल एक गोष्ट शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. वीस मुलांत एखाद-दुसरं डावखुरं असतंच. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कापड मधे दुमडतं. मुलाला ‘नीट धर’ म्हणून काही होत नाही. डावखुऱ्यांच्या कात्र्या वेगळ्या मिळतात, दोन घेऊन ठेवाव्यात.

रंगांचं थोडक्यात. बारा रंगांच्या वीस पेट्यांपेक्षा लाल, पिवळा, निळा आणि पांढरा अशा पोस्टर रंगांच्या मोठ्या बाटल्या घ्या, काळा अगदी थोडा. पाण्याची भांडी दोन हवीत, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. एकच असलं की दहा मिनिटांत सगळे रंग चिखलाचे होतात. ब्रश पाण्यात उभे सोडले की केस वाकतात आणि पत्र्याच्या टोपणातला गोंद सुटून केस गळतात. धुवून, टोक करून, केस वर ठेवून उभे ठेवायचे. वारली पद्धतीचं काम करायचं तर तांदूळ भिजवून अगदी बारीक वाटावा आणि त्यात रात्रभर भिजवून गाळलेला डिंक घालावा. नुसत्या पिठाच्या रेषा वाळल्यावर हात लागताच झडतात. पण डहाणू-तलासरीकडच्या भिंतींवरची ती चित्रं लग्नाचा चौक, शेत, तारपा हे फुंकायचं वाद्य यांची असतात. पट्ट्यांनी त्रिकोण आखून ‘वारली डिझाइन’ करणं वेगळं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची चित्रं मुलांना मोठी करून दाखवावीत आणि मग आपल्या गावातलं काय चितारायचं ते त्यांनाच ठरवू द्यावं.

विजेचं काम सहावी-सातवीला. दोन टॉर्चचे सेल, एक पांढरा एलईडी, तार, पत्र्याच्या पट्टीची कळ. एका दीड व्होल्टच्या सेलवर पांढरा एलईडी लागत नाही, दोन हवेत. पाय उलटे लावले तरी लागत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी थेट जोडली तर तो जळतो, मधे ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर लागतो. मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार वापरली तर तिच्यावरचं लाखेसारखं आवरण टोकांना खरवडायला विसरू नका. दिवा न लागण्याचं कारण दहापैकी आठ वेळा हेच असतं. बटणासारखे छोटे सेल लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नयेत. गिळला गेला तर अन्ननलिका भाजते. घरगुती २३० व्होल्टला कुणी हात लावायचा नाही.

परसबागेबद्दल बरंच लिहिलं जातं, म्हणून फक्त तारखांचं सांगतो. जूनमध्ये सपाट वाफ्यात टाकलेलं बी पहिल्या जोरदार पावसात वाहून जातं किंवा कुजतं. १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करा, रुंदी एक मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी मुलांचा हात मधे पोचतो. मेथी २५-३० दिवसांत काढणीला येते, म्हणून ऑक्टोबरच्या मध्याला पेरली की ती बरोबर दिवाळीच्या सुट्टीत तयार होते आणि गुरं खातात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरा, नाहीतर सुट्टीनंतर. धणे रगडून दोन फाकी करून पेरावेत. अख्खे पेरले तर उगवण विरळ होते.

नोंदींचा प्रश्न उरतो. कला-कार्यानुभवाला संकलित (सत्राच्या शेवटची) परीक्षा नाही, वर्षभराच्या नोंदींवरचं आकारिक मूल्यमापनच आहे, आणि ते चांगलं आहे. पण वर्षाच्या शेवटी ‘कलाकृती सुबक करतो’, ‘आवडीने सहभाग घेते’ ही वाक्यं छापील पुस्तिकेतून उतरवली जातात. त्याऐवजी ‘दोन्ही कर्ण स्वतः मोजले’, ‘सुटलेली सोंड चरा पाडून पुन्हा जोडली’, ‘दोरा अजून फार लांब घेतो’ असं तारखेसह एक वाक्य लिहिलं तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काही कळेल. आणि दुपारपर्यंत फोटो पाठवा हा निरोप बंद व्हावा. फोटो जायचा असला की शेवटचा हात शिक्षकांचा फिरतो आणि मुलांचं काम मुलांचं राहत नाही.

महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली १९३७ मध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिच्यात हस्तोद्योगाच्या आधाराने बाकीचे विषय शिकवावेत हा विचार मांडला गेला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव शाळेत आणला. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा प्रयोग चालू आहे आणि तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी आहे. वर्धा आणि पाबळ दोन्ही आपल्याच राज्यात. असं असताना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत कला आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक (थोड्या वेळेपुरते येणारे शिक्षक) फक्त सहावी ते आठवीसाठी आहेत, तेही पट १०० च्या वर असेल तरच. वीस पटाच्या शाळेला म्हणजे कधीच नाही. आमची दुसरी मागणी अशी: निदेशक एका शाळेला न देता केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला द्यावा. एका केंद्रात दहाएक शाळा धरल्या तर रोज एक शाळा करत तो पंधरवड्यातून एकदा प्रत्येक ठिकाणी पोचतो. तो येईल तो दिवस नव्या कामाचा, मधला शनिवार तेच काम पुढे नेण्याचा. हत्यारं शाळेतच राहावीत. ती बरोबर घेऊन फिरणारा निदेशक दोन महिन्यांत कंटाळतो.

तिसरी मागणी पैशाची आहे, पण जास्त पैशाची नाही. संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत १०,००० रुपये आणि १०० पटापर्यंत २५,००० आहे. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेला, मग वीजबिल, खडू, दुरुस्ती. जे उरतं ते उशिरा हातात पडलं तर मार्चअखेर घाईने ‘साहित्य खरेदी’ होते. अनुदान जूनमध्ये द्या आणि पेट्यांवर होणारा खर्च त्यातच मिळवा. वीस मुलांना दहा कात्र्या (दोन डावखुऱ्या), पाच पोलादी पट्ट्या, दोन छोट्या हॅकसॉ, दोन पकडी, दोन हलक्या हातोड्या, सुयांची दोन पाकिटं, वीस ब्रश आणि एक प्लायवुडची फळी पुरते. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवायची आणि त्यावर ते टांगायचं. एखादं परत आलं नाही की रिकामी आकृती लांबून दिसते. पेपर कटरची पाती सहावीच्या खाली नकोत, आणि गरम गोंदाची बंदूक तर कुणालाच नको. खळ आणि फेविकॉल यांत सगळं भागतं.

गावातल्या कारागिराला बोलावताना शाळा व्यवस्थापन समितीने दिवसाचं मानधन आधी ठरवावं. ‘शाळेसाठी एवढं करा’ म्हणून फुकट बोलावलं की तो एकदा येतो. आपल्या वाचकांत कुणी शिंपी, सुतार, बुरूड, कुंभार असतील तर त्यांनी जवळच्या लहान शाळेत एखाद्या शनिवारी जरूर विचारावं. येताना नमुना म्हणून तयार वस्तू आणू नये. आपली हत्यारं आणि अर्धं झालेलं एखादं काम आणावं, आणि पुढचं मुलांसमोर बसून करावं.

आपले,
द्विशिक्षकी शाळांत कला-कार्यानुभव शिकवणारे काही शिक्षक